मोठ्या कचऱ्याच्या आठवड्यात

प्रेस्टन, मेलबर्न
शनिवार, १ मार्च

हॅमिश,

'प्रिय' लिहून खोडलेलं नाही. लिहिलंच नाही. कागद वाया घालवायचा नाही हा तुझाच नियम.

तू फोन टाकून दिलास तेव्हा मी घरभर तुझं कौतुक करत फिरले होते. आज पहिल्यांदा कळलं, की फोन नसलेल्या माणसावर ओरडता येत नाही. टास्मानियात कुठल्याशा शेतावर बसून तू वीस पोरापोरींना कमीत कसं जगायचं ते शिकवतो आहेस, आणि माझं ओरडणं तुझ्यापर्यंत पोचायला आठवडा लागणार. तोपर्यंत ते थंड होईल असं समजू नकोस.

आज लायब्ररीत, आपल्या शनिवारच्या दुरुस्तीच्या टेबलावर एक बाई आल्या होत्या. डोरिस झॅमिट. नावावरून तुला काही आठवणार नाही, कारण तू त्यांना नाव विचारलं नव्हतंस. साठी ओलांडलेल्या, ठेंगण्या, लहानपणी माल्टाहून बोटीने आलेल्या. हातात निळ्या पँटींची पिशवी होती. "लायब्ररीत शिवायचं मशीन फुकट वापरायला मिळतं म्हणे?" मी म्हटलं, "मिळतं की. फक्त रांगेत बसा." बसल्या. त्यांच्या आधी एकाचा टोस्टर होता, एकीची छत्री होती, थुई एका मुलाला रफू शिकवत होती. नेहमीचा शनिवार.

त्यांची पाळी आली, आणि त्या मशीनसमोर जाऊन नुसत्याच उभ्या राहिल्या. मला वाटलं, घाबरल्या. कारखान्यातलं एवढं धूड, खाली मोटर, लोखंडी पायांचं टेबल. बघून पुष्कळ जण बिचकतात. म्हणून त्यांना धीर द्यायला मी आपली गोष्ट सुरू केली. आपली कसली, तुझी.

"गेल्या वर्षी मोठ्या कचऱ्याचा आठवडा होता ना," मी म्हटलं, "जो तो जुने सोफे नि गाद्या पालिकेच्या गाडीसाठी रस्त्याकडेच्या गवतावर आणून टाकत होता. तेव्हा आमच्या एका मित्राला हे मशीन दिसलं. तो दाराशी गेला. आत एक म्हातारी होती. ती म्हणाली, 'ने रे बाळा. मला आता सुईत दोरा ओवता येत नाही. कुणाच्या तरी उपयोगी पडू दे.'" तू जिथे थांबतोस तिथेच मीही थांबले. 'उपयोगी पडू दे'च्या आधी. वर्षभर लोकांच्या डोळ्यांत त्या जागी पाणी आलेलं पाहिलं आहे मी.

डोरिसबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग खुर्ची ओढून बसल्या. पर्समधून रीळ काढलं, दोऱ्याचं टोक ओठात ओलं केलं, आणि चष्मा न लावता पहिल्या फटक्यात सुईत ओवलं.

"कुठली म्हातारी?" त्या म्हणाल्या.

चाकावर तो लाल ठिपका आहे ना, आपण त्याला मशीनची टिकली म्हणायचो? तो त्यांच्या भाचीच्या लग्नातल्या नेलपॉलिशचा आहे. ठिपका वर आला की सुई वर. "तुम्हाला काय वाटलं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, आम्हाला वाटलं शोभेला लावलाय. त्यावर त्या थोड्याशा हसल्या. ते हसू मला मारल्यासारखं लागलं.

भाडं वाढवलं होतं म्हणून त्या घर सोडत होत्या. भाच्याचा छोटा ट्रक, तीन खेपा. मशीन सगळ्यांत जड, दोन माणसं लागणार, म्हणून ते बाहेर गवतावर काढून शेवटच्या खेपेला ठेवलं. दुसऱ्या खेपेबरोबर त्या नव्या जागेचं कुलूप उघडायला गेल्या. परत आल्या तर गवतावर चार पायांचे खळगे. "कचऱ्याचा आठवडा आहे हे मला माहीत होतं की. म्हणून तर मी कागद लावला होता. चारही बाजूंनी टेप मारून."

"काय लिहिलं होतं?"

"हा कचरा नाही. चार वाजता नेणार आहोत. कृपया हात लावू नका."

त्या ओरडल्या नाहीत. दोन पँटींची उंची कमी केली, दोरे तोडले, घड्या घातल्या. जाताना म्हणाल्या, "वापरू दिल्याबद्दल आभारी आहे." स्वतःच्या मशीनबद्दल, हॅमिश. थुई तोंड फिरवून कपाटात काहीतरी शोधायला लागली.

मला फक्त एवढंच कळव. ती म्हातारी होती का?

डेस्पिना

*

प्रेस्टन
शनिवार, १५ मार्च

हॅमिश,

तुझं उत्तर मिळालं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, तुझ्या त्या बारीक, नीटनेटक्या अक्षरात. तीनदा वाचलं. पुढचं वाक्य मी माझ्या हाताने पुन्हा लिहिते आहे, म्हणजे तुला ते परक्याच्या अक्षरात दिसेल: "म्हातारी होती असं नाही म्हणता येणार, डेस, पण असती तर तेच म्हणाली असती."

अरे, काय माणूस आहेस तू!

आणि खाली दीड पान तत्त्वज्ञान. मशीन एका बाईच्या खोलीत आठवडाभर धूळ खात पडलं असतं, इथं चाळीस लोक वापरतात. 'माझं माझं' करण्यातूनच तर जगाची ही गत झाली. जग सतत वाढलंच पाहिजे असं मानणाऱ्यांच्या विरुद्ध आपण उभे आहोत, तेव्हा एका वस्तूच्या मालकीवरून भांडणं आपल्याला शोभत नाही. सगळं कसं बरोबर! मी हेच लोकांना सांगत आले आहे, तुझ्याच शब्दांत. फक्त मला वाटायचं, की 'तुमचं ते सगळ्यांचं' हे वाक्य आपण त्यांना ऐकवतो ज्यांच्याकडे फार आहे. ज्या बाईचं अख्खं घर तीन खेपांत मावतं तिला नाही.

आणि धूळ कसली खात होतं? बावीस वर्षं त्या मशीनवर त्यांचं पोट चाललं. आधी कारखान्याचं काम घरी आणून, मग कारखाने परदेशी गेल्यावर शेजारपाजारचे शाळेचे गणवेश, लग्नाचे झगे, पँटींच्या चेन. दुरुस्तीच करायच्या त्या, हॅमिश. आपण ज्याला चळवळ म्हणतो ते त्या बावीस वर्षं करत होत्या, कुणी रेडिओवर न बोलावता. आता दुपारी दोननंतर एका शाळेचे वर्ग झाडतात. मी विचारून काढलं हे सगळं. लायब्ररीच्या वहीत त्यांनी पत्ता लिहिला होता, सेंट अल्बान्सचा.

मी तुझ्यासाठी काय काय सोडलं त्याची यादी करणार नाही. तुझ्यासाठी नव्हतंच ते, माझं मला पटलं होतं, आजही पटतं. त्या जाहिरातीच्या ऑफिसात मी लोकांना तिसरा टीव्ही कसा हवाहवासा वाटेल ते शोधायची, आणि संध्याकाळी घरी येऊन रडायची. तू म्हणालास, "मग जाऊ नकोस ना." एवढं सोपं! अख्ख्या आयुष्यात मला कुणी असं सांगितलं नव्हतं. माझ्या घरात तर 'अजून थोडं' हाच देव. आठवतं, पहिल्यांदा बाबांकडे जेवायला आलास ते? त्यांच्या फरशीच्या दुकानाचा विषय निघाला. बाबा म्हणाले, "मागच्या वर्षीपेक्षा जास्त विकलं नाही तर दुकान बसलं म्हणतात लोक." तू म्हणालास, "म्हणजे माणसांनी दरवर्षी जास्त बाथरूम बांधायची? कुठपर्यंत, मिस्टर स्टाव्ह्रोस?"

"बांधतात की! तुझ्या वडिलांच्या घरात किती आहेत?"

"चार," तू म्हणालास, आणि कानापर्यंत लाल झालास.

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला मात्र तू त्या लाल होण्यामुळे आवडलास. वाटलं, या मुलाला लाज आहे.

त्या लाजेचं काय केलंस?

२८ तारखेला आपल्या घरातल्या पाचही जणांची बैठक आहे. मशीन डोरिसबाईंना परत द्यायचं, हा एकच विषय मी ठेवला आहे. नियमाप्रमाणे तुलाही मत आहे. पाठव.

डेस्पिना

*

प्रेस्टन
शनिवार, २९ मार्च

हॅमिश,

तुझं मत वेळेत आलं. एकच शब्द: 'नकार'. त्याखाली सही.

घराची रीत आपणच ठरवली होती, तू, मी, थुई, रॉनन आणि मेरेडिथ. बहुमत नको, बहुमतात कुणीतरी हरतं. पाचही जणांना पटेल तेच होईल, आणि एकाने जरी नकार दिला तरी ते होणार नाही. किती सुंदर वाटलं होतं! नकार देणाऱ्याने तो फक्त जिवावर बेतल्यासारखी गोष्ट असेल तेव्हाच द्यायचा, असंही लिहिलं होतं. दीड वर्षात कुणी दिला नव्हता. मायक्रोवेव्ह घ्यायचा की नाही यावर मेरेडिथ तीन बैठका रडली, पण नकार तिनेही दिला नाही.

रॉनन म्हणाला, "अजून महिनाभराने तो येईल, तेव्हा समोरासमोर बोलू." मेरेडिथ म्हणाली, "मशीन गेलं की शनिवारचं टेबल संपलं, हे तरी बघ. लोक त्यासाठीच येतात." खरं आहे ते. टोस्टर उघडायला कुणी तासभर रांगेत बसत नाही. थुई एकटीच माझ्या बाजूने बोलली. म्हणाली, "माझी आईसुद्धा घरी बसून कॉलरी शिवायची. तिचं मशीन कुणी असं नेलं असतं ना, तर मी त्याला बैठकीला बोलावलं नसतं, पोलिसांना बोलावलं असतं." मग रॉननने वहीत लिहिलं: एक नकार, विषय स्थगित. आणि चहा ठेवला.

त्या वहीकडे बघत मी बसले होते, आणि मला तुझा भयंकर राग आला. तू मला खोटं सांगितलंस हा राग नाही. तू माझ्या तोंडून खोटं बोलवलंस. शनिवारमागून शनिवार, माझ्या आवाजात, माझे डोळे ओले करून. एकाच गोष्टीवर माझा पुरा विश्वास होता, की निदान आपण तरी कुणाला काही विकत नाही. आणि मी काय करत होते? तुला विकत होते. पूर्वी टीव्ही विकायची तसंच. जिथं थांबायचं तिथं थांबून.

आता एक गोष्ट लिहिते. ती फक्त आपल्या दोघांतली आहे, म्हणून दार लावून लिहिते आहे.

त्या दिवशी मी कोपऱ्यावर ढकलगाडी धरून उभी होते. तू फाटकाशी गेलास. मी कोपऱ्यावर होते, म्हणजे मला काही दिसलं नाही, असं मी थुईला सांगितलं. रॉननला सांगितलं. पहिल्या पत्रात तुलाही काही माहीत नसल्यासारखंच विचारलं. पण मला दिसत होतं. तू आत गेला नाहीस. तू मशीनजवळ वाकलास, काहीतरी पांढरं ओढून काढलंस, त्याची गोळी करून खिशात घातलीस. टेप फाटल्याचा आवाजसुद्धा ऐकू आला. मग माझ्याकडे आलास आणि म्हातारीची गोष्ट सांगितलीस, आणि मी म्हटलं, "किती गोड!"

विचारलं का नाही? अकरा महिने झाले होते तेव्हा. अकरा महिने मी अन्न, औषध, चड्ड्या आणि बसचं तिकीट सोडून काही म्हणता काही घेतलं नव्हतं. दुकानाच्या काचेकडे बघायची नाही मी. लोक म्हणायचे, बघा, डेसला कशाची हावच नाही. आणि ते मशीन गवतावर उभं पाहिलं, आणि मला ते हवं झालं. आयुष्यात कुठल्याही दुकानातलं काही मला इतकं हवं झालं नव्हतं. तू कागद वाचला असशील. मी तो वाचायचा नाही असं ठरवलं.

म्हणून काही तू सुटत नाहीस. कागद तू फाडलास.

डेस्पिना

*

रेझर्वॉयर, बाबांच्या घरी
शनिवार, १२ एप्रिल

हॅमिश,

पत्ता बदललेला दिसला असेल. मी मशीन दिलं. काल.

बाबांची फरशीची गाडी मागितली. त्यांनी किल्ली दिलीच नाही, स्वतः आले. "तू आणि ती काडीसारखी मैत्रीण, मशीन उचलणार? कंबर मोडून घ्याल." मग गाडीत सगळी हकीकत काढून घेतली. सिग्नलला थांबल्यावर म्हणाले, "मी माणसांना लागणार नाहीत इतक्या फरश्या विकतो, कबूल. पण त्यांच्या अंगणातून उचलून नाही आणत." थुई मागच्या सीटवर हसली, मी नाही. बरं वाटलं नाही मला. आपल्या दोघांच्या वतीने ऐकून घेतलं ते.

डोरिसबाई एका घराच्या मागच्या खोलीत राहतात. पलंग, शेगडी, एक खिडकी. मशीन आत जाईना. मग पलंग उभा करून भिंतीला लावला, आणि खिडकीखाली ते बसलं. पलंग आता दिवसभर उभाच राहणार. रात्री मशीनच्या टेबलापर्यंत पाय येतील त्यांचे. मी म्हटलं, "जागा फारच कमी होतेय हो." त्या म्हणाल्या, "कमीच आहे, पोरी. मी कुठं मागितली होती कमी?"

बाबांनी मान खाली घालून प्लग शोधला.

सगळं लागल्यावर त्यांनी एक चिंधी घेऊन सरळ टीप मारून बघितली. दोरा ताणून पाहिला. म्हणाल्या, "तेल बरोबर घातलंय कुणीतरी." मी घालायची, दर शुक्रवारी. पण ते बोलले नाही. मग त्यांनी पास्तिझी, म्हणजे त्यांच्या माल्टाच्या चीज भरलेल्या करंज्या, गरम केल्या, बाबांना दोन जास्त वाढल्या, आणि मला सहज विचारलं. सहज, हॅमिश, जसं कुणी 'साखर किती' विचारतं तसं.

"तुला माहीत होतं का गं, की कागद होता?"

"नाही," मी म्हटलं.

"मला वाटलंच," त्या म्हणाल्या. "तुझा चेहरा बघूनच वाटलं. ही पोर तसली नाही." आणि माझ्या हातावर हात ठेवला.

विश्वास ठेवला त्यांनी. इतक्या चटकन. त्यांना खोटं सांगायला मला काहीसुद्धा करावं लागलं नाही. तेव्हा मला कळलं, त्या कोपऱ्यावर तुलाही माझ्याशी खोटं बोलायला काही करावं लागलं नसणार.

घरी आले तर रॉनन आणि मेरेडिथ स्वयंपाकघरात वाट बघत बसलेले. नकार मोडणाऱ्याने घर सोडायचं, हेही आपणच लिहिलं होतं. मेरेडिथ रडली. मी म्हटलं, रडू नकोस, नियम माझ्याच अक्षरात आहे. दोन पिशव्या भरल्या. थुई म्हणाली, मीही येते. मी म्हटलं, तू राहा, टेबल बंद पडू देऊ नकोस. हाताने शिवता येतं की. बाबांना फोन केला. वीस मिनिटांत ते दाराशी, आणि अर्ध्या तासात मी माझ्या जुन्या खोलीत, धुतलेल्या चादरीवर. आईने वांग्याची भाजी गरम करून ठेवलेली.

डोरिसबाईंना घर सोडायला लागलं तेव्हा त्यांना तीन खेपा लागल्या आणि त्यात त्यांचं पोट गेलं. मला काढलं, तर माझी चादरसुद्धा चुरगळली नाही. तुला काढलं तर त्या चार बाथरूमच्या घरात तुझीही खोली तशीच असेल. आपल्याला 'पुरे' म्हणता आलं, कारण आपल्या पाठीशी पुष्कळ होतं. आपण म्हणतो ते चुकीचं आहे असं मला अजूनही वाटत नाही. जगाला कुठंतरी थांबावं लागेलच. पण थांबा म्हणून सांगताना आपण पहिला हात कुणाच्या सामानावर टाकला, ते विसरायला मी तयार नाही, आणि तुलाही विसरू देणार नाही. ज्या रेडिओवाल्यांना तू ती गोष्ट सांगितली होतीस, त्यांना मी म्हातारी नव्हती असं लिहिलं आहे. तुझं नाव घालून लिहिलं आहे.

फक्त तुझं, माझं नाही. कालपर्यंत तेवढंच पुरेसं वाटत होतं. तू फसवलंस, मी फसले, हिशेब संपला. रात्रभर झोप लागली नाही. ज्या हातावर त्यांनी हात ठेवला तो हात उशीखाली घालून पडले होते.

तुझ्याकडून आता काही नको. माफी मागायला येऊ नकोस, निदान माझ्याकडे नको. मी तुला पत्र लिहीत बसले आहे कारण त्यांच्याकडे जाण्यापेक्षा ते सोपं आहे. चार पत्रं झाली, चारही तुला. ज्या बाईला एक वाक्य सांगायचं होतं तिला ते अजून सांगितलं नाही.

आज शनिवार, शाळा बंद असते, म्हणजे त्या दिवसभर घरी असतील. बसने तास लागतो. बाबा गाडी काढतो म्हणाले, मी नको म्हटलं. आईने बरोबर काही न्यायला बांधून दिलं होतं तेही टेबलावरच ठेवलं. खाऊ घेऊन गेले तर त्या आधी पाणी ठेवतील, आणि चहा झाल्यावर माझ्याच्याने सांगवणार नाही. दारातच उभी राहून सांगणार आहे, की मला टेप फाटल्याचा आवाज ऐकू आला होता.

डेस्पिना